पहाटेची मिसा आणि बिबिंग्का

नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या, दोदोल आणि बिबिंक घातलेलं ताट आपल्याकडे येतं. चवथीला आपलं ताट त्यांच्याकडे गेलेलं असतं. गोव्यात याचं कोणाला नवल नाही. मात्र या ताटातल्या बिबिंकेच्या नावाचं एक भावंड थेट फिलिपिन्समध्ये नांदतं आहे, आणि तेही नाताळातच. तिथे त्याला बिबिंग्का म्हणतात.

फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. तिच्याबरोबर ख्रिस्ती धर्म आला आणि 'सिम्बांग गाबी'ही आली. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात होणाऱ्या या मिसा. शेतकऱ्यांना शेतावर जाण्याआधी देवळात येता यावं म्हणून ही वेळ ठरली, असं तिथे सांगतात.

आता खाण्याकडे वळूया. कॅथलिक चर्चच्या जुन्या नियमाप्रमाणे, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. हा नियम १९५३ आणि १९५७ मध्ये सैल झाला. तोवर पहाटेच्या मिसेहून बाहेर पडणारा माणूस उपाशीच असे. त्याच्यासाठी चर्चच्या दाराशी चुली पेटत. उपवासाचा नियम गेला, पण चुली राहिल्या.

त्या चुलींवर काय शिजतं? बिबिंग्कासाठी मातीच्या भांड्यात केळीचं पान घालून त्यावर तांदळाचं पीठ आणि नारळाचा रस यांचं मिश्रण ओततात. खाली निखारे, वरच्या झाकणावरही निखारे. वर खारवलेल्या अंड्याचे काप आणि ओलं खोबरं. आपलं बिबिंक थर चढवत तासन्‌तास भाजावं लागतं. हे एकाच थराचं असतं आणि थोड्या वेळात तयार होतं. तरी झाकणावरचा विस्तव आणि नारळाचा रस दोन्हीकडे सारखाच. दुसरा पदार्थ पुतो बुम्बोंग. जांभळ्या चिकट तांदळाचं पीठ बांबूच्या नळीत वाफवून लोणी, खोबरं आणि तांबूस साखरेबरोबर खातात. सोबत आल्याचा गरम काढा, सालाबात.

म्हणजे बघा, सण स्पेनहून आला, पण पानावर जे पडलं ते तिथल्या शेतातलं आणि माडावरचं. मनिला ते अकापुल्को अशी गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती. त्यांतून मेक्सिकोचा कोको आला आणि नाताळच्या पेयात सामावला. तरी तांदूळ आणि नारळ यांची जागा कोणी घेतली नाही. गोव्यातही असंच घडलं. नाताळ पोर्तुगिजांबरोबर आला, पण दोदोल झालं ते तांदूळ, नारळ आणि माडाच्या गुळाचं. परका सण आपला कधी होतो? इथलं धान्य त्याच्या ताटात पडतं तेव्हा, असं मला वाटतं.

चिंतेची गोष्ट इथेच आहे. पुतो बुम्बोंगचा मूळ जांभळा तांदूळ 'पिरुरुतोंग' आता दुर्मीळ आणि महाग झाला आहे. अनेक विक्रेते साधा चिकट तांदूळ घेतात आणि जांभळ्या कंदाचा किंवा नुसता खाण्याचा रंग घालतात. दिसायला पदार्थ तोच, पण त्यातलं शेत नाहीसं झालेलं.

आपणही फार पुढे नाही. खाजनातल्या खाऱ्या पाण्यात तग धरणारं आपलं कोरगुट भात किती कुळागरांच्या गावांत, किती घरांत शिजतं? मानशी फुटल्या, बांध खचले आणि खाजनं पडीक राहिली. बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. मात्र मानांकनाने नाव राखता येतं. चव राखायची तर बांध आधी राखावे लागतील.

यंदा शेजारचं ताट आलं की एवढं जरूर विचारा : सोडणांच्या निखाऱ्यावर भाजलंय का? आणि तांदूळ कुठल्या शेतातला?