ध्वनिफितीवरील पोथ्या : प्रारंभीच्या गृहसंगणकावरील घरगुती खेळ आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

इतिहासाचे साधन म्हटले की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि मोडी दप्तरे डोळ्यांसमोर येतात. पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या काठी वसलेल्या जाफराबादसारख्या ऐतिहासिक गावी इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याची दृष्टी जुन्या वास्तूंकडे आणि कागदपत्रांकडे वळावी, हे स्वाभाविकच होय. तथापि जे साधन केवळ चाळीस वर्षांचे आहे आणि तरीही शंभर वर्षांच्या मोडी कागदापेक्षा लवकर नष्ट होत आहे, त्याकडे आपल्या विद्याशाखेचे लक्ष जावयास हवे. हे साधन म्हणजे गृहसंगणकावर घरच्या घरी लिहिलेल्या खेळांच्या ध्वनिफिती होत.

येथे घरगुती खेळ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. एखाद्या कंपनीने विक्रीसाठी तयार केलेला खेळ तिच्यात येत नाही. संगणक बाळगणाऱ्या व्यक्तीने, बहुधा शाळकरी मुलाने, स्वतः लिहिलेला किंवा परदेशी मासिकातील छापील आज्ञावली उतरवून घेऊन तिच्यात फेरफार करून सिद्ध केलेला खेळ येथे अभिप्रेत आहे. अशा खेळाची एकच एक प्रत प्रमाण मानता येत नाही. तो हस्तलिखित पोथीसारखा प्रतींमधून आणि पाठभेदांमधून जगतो. म्हणून त्याच्या जतनाची पद्धतीही पोथीच्या पाठचिकित्सेतूनच घ्यावी लागेल, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ऐतिहासिक व वर्णनात्मक अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब येथे केला आहे.

पुणे आणि गृहसंगणक :

एप्रिल 1982 मध्ये इंग्लंडमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक बाजारात आणला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावा लागे. आज्ञावली साठविण्यासाठी साधा टेपरेकॉर्डर वापरला जाई. मोठ्या प्रतिरूपाची स्मृती 48 किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवरील एक साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. संगणक सुरू करताच बेसिक ही भाषा समोर येई, म्हणजे यंत्र वापरणे आणि यंत्रासाठी लिहिणे यांत फारसे अंतर उरत नसे. घरगुती खेळांची निर्मिती ज्या परिस्थितीतून झाली ती हीच.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या संगणकाच्या स्पेक्ट्रम प्लस या सुधारित आवृत्तीची परवानाप्राप्त निर्मिती पुण्यात झाली. पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या कंपनीने डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने तो विक्रीस आणला. सुमारे 1990 पर्यंत, बाजार ओसरेतो, त्याची विक्री होत राहिली. जगभर पन्नास लाखांहून अधिक स्पेक्ट्रम विकले गेले, त्यांच्याशी तुलना करता ही विक्री लहानच होती. परंतु आयातशुल्काच्या त्या काळात मध्यमवर्गीय मराठी घरात शिरू शकलेल्या मोजक्या संगणकांपैकी तो एक होता.

याच सुमारास केंद्र शासनाने 1984-85 मध्ये क्लास हा प्रकल्प सुरू करून प्रारंभी सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक पुरविले. शाळेतील संगणक कुलपाआड असे व त्याचा तास ठरलेला असे. घरातील संगणक मात्र रात्री बातम्या संपल्यावर दूरचित्रवाणी मोकळी झाली की मुलाच्या ताब्यात येई. वीज गेली की स्मृतीतील सारे लेखन पुसले जाई, त्यामुळे थोडे लिहिले की फितीवर उतरविणे हा नियम होऊन बसला. एकाच खेळाच्या अनेक अर्धवट अवस्था एकाच फितीवर ओळीने सापडण्याची शक्यता निर्माण होते ती यामुळेच.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांचा अनुभव याहून निराळा आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. या भागातील अनेक विद्यार्थ्यांनी संगणकास प्रथम हात लावला तो 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या स्थापनेनंतर, एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने. तोवर संगणक ही लिहिण्याची वस्तू राहिली नव्हती, वापरण्याची झाली होती. सुरू करताच आज्ञावली मागणारा संगणक या पिढीने पाहिलाच नाही. प्रस्तुत लेखकाने वर्गात कॅसेट दाखवून तिच्यात खेळ साठविलेला आहे असे सांगितले, तेव्हा विद्यार्थ्यांना ती थट्टा वाटली.

फितीत काय दडलेले असते :

स्पेक्ट्रमची आज्ञावली फितीवर ध्वनीच्या रूपाने उतरते. प्रथम एक सलग शिट्टीसारखा सूर, नंतर कर्कश खरखर. शून्य आणि एक या अंकांसाठी कमी-अधिक लांबीचे स्पंद असतात आणि सेकंदाला सरासरी पंधराशे अंक वाचले जातात. पूर्ण स्मृती व्यापणारा खेळ वाचण्यास सुमारे पाच मिनिटे लागत. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक पडताळा-अंक असतो. तो जुळला नाही की यंत्र त्रुटीचा संदेश देऊन थांबते.

प्रत्येक आज्ञावलीच्या आधी 17 बाइटचे शीर्षक असते. त्यात प्रकार, दहा अक्षरांपर्यंतचे नाव, लांबी आणि दोन तांत्रिक संख्या असतात. त्यात लेखकाचे नाव नसते आणि दिनांकही नसतो. ज्याने मोडी कागद हाताळले आहेत त्याला ही अडचण परिचित आहे. पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहितो, तिच्यात आपले नाव, शक आणि स्थळ देतो, म्हणून पोथीचा काळ ठरविता येतो. बेसिकमध्ये पुष्पिकेचे काम रेम या आज्ञेने सुरू होणारी ओळ करते. यंत्र ती ओळ वाचून सोडून देते, ती केवळ माणसासाठी असते. लेखकाचे नाव, मित्राचे आभार, परीक्षेची तारीख असा मजकूर सापडण्याची जागा तीच.

याहून अधिक बोलकी गोष्ट म्हणजे ओळींचे क्रमांक. बेसिकच्या ओळी दहा, वीस, तीस अशा टप्प्याने लिहिण्याचा प्रघात होता, मध्ये काही घालावयाचे झाल्यास जागा राहावी म्हणून. त्यामुळे 120 आणि 130 यांच्यामध्ये 125 ही ओळ दिसली की ती मागाहून घातलेली असावी, असे अनुमान करता येते. पोथीच्या समासातील भर ओळखावी तसेच हे आहे. खेळात आधी काय होते, नंतर कोणती अडचण आली आणि ती मुलाने कशी सोडविली, याचा क्रम बऱ्याच अंशी या क्रमांकांतून उलगडतो.

आज्ञावलीची छापील प्रत काढून ठेवली की जतन झाले, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये प्रत्येक संख्या दोन वेळा साठविलेली असते, एकदा दिसणाऱ्या अंकांच्या रूपात आणि लगेच त्यापुढे पाच बाइटच्या अदृश्य रूपात. यंत्र हिशेब करते तो अदृश्य रूपावरून. आपली आज्ञावली इतरांनी उतरवून घेऊ नये म्हणून काही जाणकार दिसणारा अंक बदलून ठेवीत. पडद्यावर वा कागदावर एक संख्या दिसे आणि यंत्र दुसरीच वापरी. केवळ छापील पाठावरून असा खेळ पुन्हा उभा केला तर तो चालणार नाही, किंवा भलताच चालेल.

आणखी एक बाब. आज्ञावली फितीवर उतरविताना तिच्याबरोबर त्या क्षणीची चलमूल्येही उतरतात. म्हणजे खेळून झाल्यावर जर फीत केली असेल, तर शेवटच्या खेळाडूचे गुण आणि त्याने टंकित केलेले नावही तिच्यात राहू शकते. परंतु फीत वाचल्यावर रन ही आज्ञा दिली की ही मूल्ये स्मृतीतून पुसली जातात. उत्साहाच्या भरात प्रथम खेळ सुरू करून मगच त्याची नवी प्रत करणारा अभ्यासक हा पुरावा हातचा घालवितो. ज्याने फीत सांभाळली त्याच्याकडून तो गेला नाही, तो संशोधकाकडून जातो, ही खेदाची बाब आहे.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. स्पेक्ट्रमवर वापरकर्त्यास स्वतःच्या 21 आकृती काढता येत, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची. देवनागरीचे स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे इतक्यात बसत नाहीत. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक 1991 मध्ये आले, म्हणजे डीबी स्पेक्ट्रम बाजारातून जाऊ लागल्यावर. तेव्हा मराठी मुलाचा खेळ रोमन लिपीतील मराठीत वा मोडक्या इंग्रजीत लिहिला गेला असेल, तर त्यातील अशुद्धे सुधारण्याचा मोह संपादकाने टाळला पाहिजे. ती अशुद्धेच त्या काळाची साक्ष आहेत.

पाठचिकित्सेची परंपरा :

मराठी अभ्यासकास ही पद्धती नव्याने शिकण्याची गरज नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. त्यांनाच बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली व 1909 मध्ये ती त्यांनी छापली. मात्र ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. त्यामुळे राजवाड्यांच्या पाठाविषयीचे वाद छापील पानावरच लढावे लागले. संपादित पाठ कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी तो मुळाची जागा घेऊ शकत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

खेळांच्या जतनाचे जे कार्य जगात झाले त्यातील बराचसा भाग विक्रीच्या खेळांचा आहे. 1995 मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम या संग्रहाने हजारो खेळ एकत्र केले. 1986 मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमची मूळ आज्ञावली अनुकरण-यंत्रांसोबत वितरित करण्यास अनुमती दिली, म्हणूनच हे खेळ आज चालविता येतात. घरगुती खेळांकडे स्वतंत्र दृष्टीने पाहणारे कार्य अलीकडचे आहे. मेलनी स्वॉलवेल यांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील घरगुती खेळांवर 2021 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. यारोस्लाव श्वेल्ख यांच्या 2018 च्या ग्रंथात चेकोस्लोव्हाकियातील हौशी खेळकर्त्यांचा इतिहास आहे. तेथील एका अनामिक लेखकाने प्रागमधील वेन्सेस्लास चौकात जानेवारी 1989 मध्ये निदर्शकांवर झालेल्या पोलिसी कारवाईवर स्पेक्ट्रमसाठी शब्दखेळ लिहिला. तो हातोहाती फितींवरून पसरला. कोणत्याही वृत्तपत्रात छापता न येणारा मजकूर खेळाच्या रूपाने टिकला. मुलांचा चाळा म्हणून या साधनाची हेटाळणी करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

कायदा आणि फितीची अवस्था :

ग्रंथ व वृत्तपत्रांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात व अन्य निर्धारित ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन 1954 च्या कायद्याने घातले. घरगुती खेळ त्या कक्षेत कधीच नव्हता. चित्रपटांसाठी 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरीही दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष पी. के. नायर यांना फाळके कुटुंबीयांकडूनच मिळवावे लागले. संगणकीय खेळांसाठी तशी संस्था त्या काळी नव्हती. जे काही आहे ते घरांतच आहे.

1984 च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीस स्वामित्वहक्क कायद्यात साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो, म्हणजे 1987 मध्ये बारा वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या खेळावरील हक्क पुढील शतकापर्यंतही पोहोचू शकतो. 2012 च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठविण्याची मुभा दिली, परंतु ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असावी, अशी अट आहे. कॅसेट ही डिजिटल प्रत की नव्हे? ध्वनी चुंबकीय लहरींचा, आशय अंकांचा. कायदा करणाऱ्यांपुढे हा प्रश्न बहुधा नव्हता. व्यवहारात मात्र मार्ग सोपा आहे. खेळ लिहिणारे आज पन्नाशीच्या आसपास असून त्यांची लेखी संमती घेता येते. ही सोय फार वर्षे राहणार नाही.

फितीची स्थिती तितकी आश्वासक नाही. दमट हवेत चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य चिकट होते, बुरशी लागते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे पुनर्वापर. कोरी कॅसेट विकत घ्यावी लागे, जुनी घरात असे. तिच्यावर भजने, लग्नातील गाणी, नातवाचे बोबडे बोल उतरले. फीत हाती आल्यास प्रथम तिच्या वरच्या कडेवरील दोन्ही कान मोडावेत, म्हणजे तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होणार नाही. नंतर ती पूर्ण पुढे-मागे फिरवून संपूर्ण बाजू संगणकावर ध्वनिरूपातच, कोणतीही खरखर न काढता, साठवावी. खरखर हाच मजकूर आहे. आज्ञावली वेगळी काढण्याचे काम त्या प्रतीवरून कितीही वेळा करता येते. आवरणावरील शाईचे लेखन, सोबतची वही, आलेख-कागदावरील आकृत्या यांची छायाचित्रे त्याच नोंदीत असावीत.

प्रस्तुत लेखकाच्या मामांच्या पुण्यातील घराची पुनर्बांधणीपूर्वी आवराआवर झाली, तेव्हा कॅसेटींची एक पिशवी रद्दीबरोबर गेली. लेखकाला हे चार दिवसांनी कळले. कपाटाच्या खणात राहिलेल्या तीन कॅसेटी हाती आल्या. त्यांपैकी दोन वाचता आल्या. तिसरीच्या आवरणावर पेन्सिलीने ‘साप, नवा’ असे लिहिलेले असून तिच्यावर सुरुवातीला शीर्षकाचा सूर स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर मुख्य खंड सुरू होतो आणि काही सेकंदांतच त्याच्यावर काकडआरती लागते.