पंडिता रमाबाईंची श्रद्धा आणि त्यांचे नेतृत्व

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाला दोन साले आठवतात. एक १८८३, त्या साली २९ सप्टेंबर रोजी इंग्लंडातील वाँटेज या गावी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. दुसरे १८९३, त्या साली पुण्यातील शारदासदनावर धर्मांतराचा आळ आला, वर्तमानपत्रे पेटून उठली आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी सदनाशी असलेला सल्लागाराचा संबंध तोडला. या दोन सालांवर आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु दीक्षेनंतर रमाबाई जवळजवळ एकोणचाळीस वर्षे जगल्या, आणि त्यांतील पंचवीस वर्षे केडगावच्या माळावर एक अफाट संसार चालवीत जगल्या. माणसाची श्रद्धा दीक्षेच्या एका दिवसावरून जोखावी की त्यानंतरच्या हजारो साध्या दिवसांवरून, हा आजचा आमचा प्रश्न आहे. धर्मांतर योग्य की अयोग्य याचा निवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. एका बाईच्या हाती अधिकार आला तेव्हा तिच्या श्रद्धेने त्या अधिकाराचे काय केले, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टींचे मूळ तेथे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे बायकोला संस्कृत शिकविण्याचे धाडस करणारे शास्त्री. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत अक्षरशः उपासमारीने खचले. आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह झाला. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही गेले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या, येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या गरजेविषयी साक्ष दिली. म्हणजे इंग्लंडच्या बोटीवर पाय ठेवला तेव्हा त्या कोणी भाबड्या विधवा नव्हत्या. शास्त्रांशी, उपासमारीशी आणि मृत्यूशी त्यांची गाठ पडून चुकली होती.

त्या ख्रिस्ती का झाल्या? लोभाने झाल्या असे त्या काळी म्हटले गेले. ते टिकण्यासारखे नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, तीही याच प्रवादाच्या पार्श्वभूमीवर. रमाबाईंनी स्वतः जे कारण सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाँटेजच्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम त्यांनी पाहिले. ज्यांना आपल्याकडे उंबऱ्यालाही उभे करीत नसत अशा स्त्रियांशी तेथे मायेने वागत होते. हे वागणे कोठून आले असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. येथे पहिले धुणे-भांडी, सेवा-शुश्रूषा. मग ग्रंथ, असा क्रम आहे. सिद्धान्त ऐकून त्या वळल्या नाहीत, आचार पाहून वळल्या. आणि सिद्धान्तांविषयीच्या शंका दीक्षेनंतरही त्यांनी सोडल्या नाहीत.

या शंकांमुळेच पुढचा झगडा उभा राहिला. आपल्याकडे अशी समजूत आहे की हिंदू समाजाचा बंध तोडून रमाबाई चर्चच्या स्वाधीन झाल्या. वस्तुतः दीक्षेनंतरच्या दोन-अडीच वर्षांत त्यांचा जो पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन आणि इतर वडीलधाऱ्यांशी झाला, तो वाचताना उलटेच चित्र दिसते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. तो समजल्याशिवाय मान्य करणे त्यांनी नाकारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी ते अनुचित ठरविले. त्यावर, मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांत बोलत आले आहे, मग येथे मला कोण अडविणार, अशा अर्थाचा जबाब त्यांनी दिला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचविले गेले. मला व माझ्या भगिनींना लॅटिन कळत नाही, तेव्हा कोरायचेच तर संस्कृत का नको, असे त्यांचे म्हणणे. खाण्यातही त्यांनी मांसाहार पत्करला नाही. गुरुस्थानी असलेल्या भगिनींना हा सारा जातीचा अहंकार वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचा होता. मोठ्या कष्टाने मिळविलेले स्वातंत्र्य एका पुरोहिताकडून काढून घेऊन दुसऱ्या पुरोहिताच्या पायाशी ठेवण्यास त्या तयार नव्हत्या.

येथे एक कसोटी आपोआप तयार होते. जी व्यक्ती वरच्यांना म्हणते की माझा विवेक माझा आहे, ती आपल्या हाताखालच्यांना तेच म्हणू देते काय? पुढील आयुष्य या कसोटीला लावून पाहू.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, शेकडो सभा गाजविल्या आणि बॉस्टन येथे एक मंडळी उभी करून दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींचे आचार-विचार त्यांना पाळू द्यावयाचे, असा नियम होता. स्वयंपाक व पंगत ज्यांच्या त्यांच्या रीतीप्रमाणे चाले. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावीत नसत, आणि उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. सारा वाद या दाराचा आहे. पालकांचे म्हणणे, दार उघडे ठेवणे हीच शिकवण. रमाबाईंचे म्हणणे, माझ्या घरात माझी श्रद्धा मी चोरून का पाळावी, आणि येणाऱ्या मुलीला मी हाकलून का द्यावे? परिणाम असा की वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेले.

आम्हांस वाटते, दोन्ही बाजूंकडे थोडे-थोडे सत्य होते. निराधार मुलीवर अन्नदात्रीच्या नुसत्या वागण्याचाही भार पडतो; तो भार रमाबाईंनी कमी लेखला. पण पालकांनीही मुलीचे मन हा विचारात घेण्याजोगा पदार्थ मानलाच नाही. तिचे केशवपन करताना जसे तिला कोणी विचारले नव्हते, तसे तिला सदनातून नेतानाही विचारले नाही. आणि हेही नमूद केले पाहिजे की सदनातील प्रारंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या हिंदूच राहिल्या. त्यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यात त्या वाटेकरी झाल्या. उघड्या दारातून बाहेर जाण्याचीही वाट होती, हे यावरून दिसते.

यानंतर दुष्काळ आला. बॉस्टनची मदत संपण्याचा काळ जवळ येत होता म्हणून रमाबाईंनी दौंड वाटेवरील केडगाव स्टेशनाजवळ जमीन घेऊन फळझाडे लावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील हाल ऐकून त्या स्वतः तिकडे गेल्या. आपल्या आईवडिलांचा भुकेने झालेला अंत ज्या बाईने डोळ्यांनी पाहिला, तिला मदत-छावण्यांतील मुली पाहून काय वाटले असेल ते सांगावयास नको. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना; केडगावच्या रानात झोपड्या पडल्या आणि ‘मुक्ती’ जन्मास आली. त्याच १८९७ साली प्लेगच्या दवाखान्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात सरकारवर उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एकच, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतले नाही. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचा संसार म्हणजे काय याचा विचार घर चालविणाऱ्या भगिनींनीच करावा. दळण किती, सरपण किती, पाणी किती! म्हणून विहिरी खणल्या गेल्या, शेती व गुरे आली, हातमाग आले, तेलाची घाणी आली, शिवणकाम, दोर वळणे, पुस्तकबांधणी आणि छापखाना आला. आणि हे सारे बायकांनी चालविले. दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आलेली मुलगी दोन-तीन वर्षांत खिळे जुळवू लागे किंवा मागावर बसे. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन निघाले. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून ती तेथे आणली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला जे पाहिले होते ते आता मराठी मातीत उभे राहिले. प्रार्थना सकाळ-संध्याकाळ होत, पण मधला सारा दिवस कामाचा असे. नेतृत्व म्हणजे व्यासपीठ अशी आपली कल्पना. येथे नेतृत्वाचे मोजमाप कोठीच्या किल्ल्यांनी आणि विहिरीच्या पाण्याने करावे लागते.

आता आपली कसोटी. शारदासदनात मुलगी येई ती स्वतःचे घर, जात, आचार घेऊन. मुक्तीत आलेल्या सहा-आठ वर्षांच्या पोरीपाशी काहीच नव्हते. तिला भाकरी आणि धर्म एकाच हातातून मिळाला. रमाबाईंनी स्वतः वादविवाद करून, शंका घेऊन, वर्षे लावून जो निर्णय घेतला, तो या मुलींना तशा रीतीने घेण्याची संधी मिळाली नाही. ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीही झाकू नये. मुक्तीत शब्द चाले तो रमाबाईंचाच. तरीही एक प्रसंग विचारात घेतला पाहिजे. १९०५ साली मुक्तीत धार्मिक जागृतीची मोठी लाट उठली. मुली मोठ्याने, एकाच वेळी, रडत-ओरडत प्रार्थना करू लागल्या. शिस्तीच्या उपासनेस सरावलेल्या कित्येक गोऱ्या मिशनऱ्यांना तो गोंधळ रुचला नाही. रमाबाईंनी तो दडपला नाही. आपल्या लोकांना आपल्या रीतीने देवाला हाक मारू द्यावी, अशी भूमिका त्यांनी घेतली. एवढेच नव्हे, मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले, बोलू लागले. चेल्टनहॅमला जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःसाठी मागितले होते, त्याचा काही भाग येथे त्यांनी दिला. पुरा दिला असे आम्ही म्हणणार नाही.

त्यांच्या अखेरच्या कामातही हाच धागा दिसतो. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यास घेतले आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापले. जिला पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने या भाषांतरात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. त्यामागे जुन्या धर्मकल्पना नव्या ग्रंथात शिरू नयेत हा हेतू होता, आणि अडाणी बाईला वाचता यावे हाही होता. एके काळी लॅटिनऐवजी संस्कृत मागणारी बाई आता संस्कृतऐवजी खेडवळ बोली मागत होती. या भाषांतराची भाषा ठिकठिकाणी ओबडधोबड झाली, आणि रसिकांना ते गोड लागत नाही, हे खरे. पण एवढी विद्वत्ता बाजूस ठेवण्यास विद्वत्तेहून मोठे काहीतरी लागते. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. जिच्यावर सारा भार सोपवावयाचा तीच गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

त्याच काळातील रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. टिळकांनी १८९५ साली दीक्षा घेतली. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या संतांची वाट ख्रिस्तसेवेत आणली आणि १९१७ साली मिशनच्या वेतनाचा संबंध सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. रमाबाईंनी जुनी भाषा सोडली, टिळकांनी ती जवळ केली. पण परक्या मिशनऱ्याच्या हुकमतीखाली श्रद्धा नांदत नाही, यावर दोघांचे एकमत होते. आणि टिळकांच्या श्रद्धेची घरातील खरी परीक्षा कशी झाली हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या. त्या आधी सोवळे-ओवळे कसे सुटत गेले, कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे हा प्रश्न कसा सुटला, ते सारे त्यांनी चुलीजवळ बसून सांगावे तसे सांगितले आहे. इतिहासाला अशा साक्षीची फार गरज असते.

आपला समाज धर्मांतराची नोंद ठळक अक्षरांत ठेवतो. त्यानंतरच्या आयुष्याची ठेवीत नाही. रमाबाईंना आपण आधी डोक्यावर घेतले, मग टाकून दिले, आणि कित्येक वर्षे त्यांचे नाव स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात दबक्या आवाजात घेतले. केडगावची संस्था आजही चालू आहे. ज्यांना रमाबाईंची श्रद्धा मान्य नाही त्यांनीही त्यांना एक प्रश्न विचारण्यापूर्वी तोच स्वतःस विचारावा : आमच्या घरात, आमच्या संस्थेत, जो आमच्या अन्नावर आहे त्याला आम्ही किती स्वतंत्र मन ठेवू देतो? हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाही. रमाबाईंनी तो पुरता सोडविला नाही. परंतु दोन हजार जणींचे ताट वाढताना त्यांना तो रोज भेटला, आणि त्याला पाठ दाखवून त्या कोठे गेल्या नाहीत.