हाली आणि कलदार : दोन रुपयांच्या मुलखातली महागाई

दिवाळी जवळ आली की घरोघर दोन याद्या तयार होतात. एक वाण्याची आणि दुसरी तक्रारींची. पहिली दरवर्षी थोडी आखूड होते, दुसरी थोडी लांबते. हरभऱ्याची डाळ, तेल, साखर, खोबरे, वेलदोडे असा एकेक जिन्नस वाचला जातो आणि प्रत्येक नावागणिक एकेक सुस्कारा पडतो. त्यात हल्ली नवी भर पडली आहे ती परदेशांतल्या नातलगांची. अमेरिकेतली भाची तिकडचा अंड्यांचा भाव सांगते, कोणीतरी हुशार मुलगा त्याचे लगेच रुपये करतो आणि सारे घर तोंडात बोट घालते. मग तोच मुलगा तिच्या पगाराचेही रुपये करतो आणि सारे घर दुसरे बोट तोंडात घालते. तिकडे स्वस्त की इकडे, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहतो.

हा प्रश्न विमानातून आलेला नवा पाहुणा आहे असे पुष्कळांना वाटते. धाराशिव जिल्ह्यापुरते तरी ते खरे नव्हे. ह्या जिल्ह्यातल्या माणसाला दोन राज्यांतले भाव ताडून पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. बैलगाडी जुंपून बार्शीच्या बाजाराला गेले की परमुलूख लागे. तिथला राजा निराळा, कायदा निराळा आणि मुख्य म्हणजे रुपया निराळा! चाळीस-पन्नास वर्षे ह्या सीमेवरच्या बायाबापड्यांनी जो हिशेब तोंडी केला, तोच पुढे जगातल्या अर्थपंडितांनी मोठमोठे कोष्टक मांडून केला. त्या हिशेबाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

खरे पाहता ह्या गोष्टीची सुरुवात फार जुनी. तेरणेच्या काठचे तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या दर्यावर्दी ग्रंथात तगराचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तिथून साधे कापड, तलम कापड असा माल गाड्यांतून भडोच बंदराला जातो, असे तो सांगतो. त्याच ग्रंथात आणखी एक मार्मिक नोंद आहे. रोमची सोन्याचांदीची नाणी भडोचला आणून इथल्या नाण्यांशी बदलली तर त्या अदलाबदलीतच नफा सुटतो! म्हणजे मालाचा भाव निराळा आणि नाण्याचा भाव निराळा, ही खूणगाठ त्या व्यापाऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वी बांधली होती. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी कुरकुरत होता की, हिंदुस्थान दरसाल आमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो आणि तिथला माल इथे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो. महागाईची तक्रार करणारा प्लिनी ग्राहक होता. तगरच्या कोष्ट्याच्या पदरात त्या शंभरपटीतले किती पडले, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुनःपुन्हा भेटणार आहे.

आता एकदम अलीकडे येऊ. १८५३ साली कर्जापोटी निजामाकडून जे प्रांत इंग्रजांनी घेतले त्यांत वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा मुलूखही होता. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० साली हा मुलूख त्याला परत मिळाला. पुढे सातवा निजाम मीर उस्मान अली खान ह्याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. ते नाव जाऊन २०२३ साली शहर आणि जिल्हा पुन्हा धाराशिव झाला. परंतु नावापेक्षा रोजच्या संसाराला जाचणारी गोष्ट होती ती नाण्याची.

हैदराबाद संस्थानाचे नाणे स्वतःचे होते. त्याला हाली शिक्का म्हणत. हाली म्हणजे चालू. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यावर चार मिनाराचे चित्र असे. १९१८ पासून संस्थानाच्या कागदी नोटाही निघाल्या. इंग्रजी राज्यातला रुपया तो कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला. दोघांचाही आणा रुपयाला सोळा, पण दोघांच्या अंगची चांदी सारखी नव्हती. कलदार रुपयाचे वजन १८० ग्रेन, त्यात चांदी १६५ ग्रेन. हाली रुपयाचे वजन साडेएकशे बहात्तर ग्रेन आणि त्यात चांदी सुमारे १४१ ग्रेन. म्हणून सात हाली रुपये बरोबर सहा कलदार, असा हिशेब बसला. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा दर लिहित्यावाचत्याला पाठ असे. अडाण्याला 'सातास सहा' एवढे पुरत असे.

ह्या 'सातास सहा'ने साधे व्यवहारही अवघड केले. इंग्रजी हद्दीत तीस रुपये पगाराचा मास्तर आणि निजामी हद्दीत पस्तीस रुपयांचा मास्तर ह्यांत श्रीमंत कोण? कोणीच नव्हे, दोघे सारखेच. सोयरिकीच्या देण्याघेण्याचे बोलणे निघाले तर आकड्याआधी हाली की कलदार हे ठरवून घेणे शहाणपणाचे होते. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या सोलापूरकडच्या यात्रेकरूला कलदार मोडावा लागे आणि मोडताना सराफाचा बट्टा सोसावा लागे.

त्यातून धान्याचा भाव आजच्यासारखा किलोला किती रुपये असा सांगत नसत. रुपयाला किती शेर, असा सांगत. ह्याला धारण म्हणत. धारण उतरली की महागाई झाली, चढली की स्वस्ताई! आता समजा, बार्शीला कलदार रुपयाला १२ शेर ज्वारी मिळते आणि धाराशिवला हाली रुपयाला ११ शेर. वरवर पाहणारा म्हणेल, बार्शी स्वस्त. पण सहा कलदारांची बार्शीत ७२ शेर ज्वारी येते आणि त्याच सहा कलदारांचे सात हाली करून धाराशिवला ७७ शेर येते. म्हणजे स्वस्ताई धाराशिवला! हा हिशेब संपतो न संपतो तोच शेजारी विचारणार, शेर कुठला? कारण शेर, पायली, मापटे ही मापेही गावोगाव बदलत. मग गाडीभाडे धरा. मग सीमेवरचा करोडगिरी नाका धरा. करोडगिरी म्हणजे संस्थानाचे जकात खाते. १८०२ च्या व्यापारी तहापासून जकातीची मर्यादा शेकडा पाच अशी ठरलेली होती. शेकडा पाच ऐकायला थोडे वाटते, पण मोजणारा शिपाई आणि थांबणारा गाडीवान ह्यांच्यात जो वेळ जाई त्याचीही किंमत असते.

मिठाची कहाणी तर निराळीच. निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. मीठ बाहेरून येई आणि येताना इंग्रजांचा मीठकर अंगाला लावूनच येई. १९३० साली ज्या करासाठी देशभर सत्याग्रह झाला, तो कर परंड्याच्या किंवा कळंबच्या शेतकऱ्याच्या चटणीतही होता, जरी तो इंग्रजांची प्रजा नव्हता.

मग रेल्वे आली. १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि पुढे तडवळ्यावरून १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. लातूर तेव्हा ह्याच जिल्ह्यात होते. १९८२ साली तो निराळा जिल्हा झाला. ही गाडी चालीने बेताचीच, पण तिने एक मोठे काम केले. मुंबईचा भाव खेड्याच्या दारात आणला. पूर्वी पीक अमाप आले की धारण चढे आणि शेतकरी बुडे, पीक गेले की धान्य डोळ्यांना दिसत नसे. रुळांनी हे चढउतार काहीसे सपाट केले. परंतु मुंबईची मागणी वाढली की लातूरची ज्वारीही महाग होऊ लागली. रूळ दोन्ही दिशांना जातात, हे गाव तेव्हा शिकले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निजामी मुलखात धान्य स्वस्त होते असे धरले, तर तिथला माणूस सुखी होता काय? ह्याचे उत्तर खळ्यावर मिळते. सालगड्याचे साल ठरताना ज्वारीचा वाटा ठरे. कापणीची मजुरी पेंढ्यांनी मिळे. सुतार, लोहार, कुंभार ह्यांना बलुते धान्याचे. ह्या माणसांना रुपयाची धारण विचारून उपयोग नव्हता. ते एकच मोजत : दिवसभराच्या कामाला घरातली किती तोंडे जेवतात? हे माप हालीने घटत नव्हते की कलदाराने वाढत नव्हते. आणि जो शेतकरी ज्वारी विकून कापड, रॉकेल, मीठ घेई, त्याला स्वस्त ज्वारी म्हणजे संकट वाटे. एकाची स्वस्ताई ही दुसऱ्याची मजुरी असते. तगरच्या कोष्ट्याची जी गोष्ट, तीच कळंबच्या कुणब्याची.

हेच सत्य दादाभाई नौरोजींनी देशाच्या मोजमापाला लावले. हिंदुस्थानात सारेच स्वस्त आहे, तेव्हा मिळकत कमी असली म्हणून काय बिघडले, हा युक्तिवाद नेहमीचा. दादाभाईंनी १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले आणि त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवला. तुरुंगातल्या कैद्याला जगवायला जे अन्नवस्त्र लागते त्याच्या हिशेबाने माणशी ३४ रुपये! इंग्लंडचा पौंड आणि इथला रुपया ह्यांचा भाव काय, ह्या वादात ते गुंतून पडले नाहीत. बाहेरच्या प्रामाणिक माणसाला आतल्या कैद्याइतके तरी मिळते काय, एवढेच त्यांनी विचारले.

१९४७ च्या नोव्हेंबरात हैदराबादने भारताशी जैसे थे करार केला आणि लवकरच संस्थानात भारतीय चलन चालणार नाही असा हुकूम काढला. ज्या मुलखाची बाजारपेठ बार्शी-सोलापूर, तिथे कलदार बेकायदा! पाठोपाठ भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूंची टंचाई भासू लागली. सीमेवरच्या माणसाला राजकारण कळले ते आधी चुलीपाशी. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत संस्थान शरण आले. हाली नाणे मात्र लगेच गेले नाही. १९५९ पर्यंत ते ह्या ना त्या रूपाने व्यवहारात होते. हाली आण्याचे कलदार करताना दहा पै आणि वर थोडा चुरा उरे. तो चुरा कोणाच्या गल्ल्यात पडायचा, हे वाचकांनी ओळखावे. त्याच काळात, १९५७ साली, नवे पैसे आले आणि १९५८ पासून किलोग्रॅमचे युग सुरू झाले. पाच-सहा वर्षांत इथल्या गृहिणीने नाणे, आणे आणि शेर हे तिन्ही बदलताना पाहिले. तिने केलेल्या तोंडी हिशेबांबद्दल तिला कोणी पदवी दिली नाही.

१९७२ च्या दुष्काळात ह्या हिशेबाला आणखी एक कडू धडा जोडला गेला. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळू लागली. लोक तिला मिलो म्हणत. तिकडे ती मुख्यतः गुराढोरांचा चारा. इकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याची ती भाकरी झाली. एकच दाणा, दोन देशांत दोन दर्जे. हे अंतर विनिमयाच्या कोणत्या दराने मोजायचे?

जगातल्या पंडितांनीही साधारण त्याच सुमारास हे मोजमाप हाती घेतले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठ ह्यांनी देशोदेशींच्या किमती ताडून पाहण्याची योजना आखली. १९७० सालासाठी तुलना झालेल्या पहिल्या दहा देशांत भारत होता. सराफी दर बाजूला ठेवून तीच टोपली दोन्हीकडे काय पडते ते पाहायचे, ही त्यातली कल्पना. म्हणजे आपली 'सहा कलदारांत किती शेर' हीच रीत! २०१७ च्या मोजणीत डॉलरचा बाजारातला दर ६५ रुपये १२ पैसे होता, पण अमेरिकेत एका डॉलरला पडणारी टोपली भारतात सरासरी २० रुपये ६५ पैशांत येत होती. हे ऐकून आपण स्वस्ताईच्या स्वर्गात राहतो असे वाटेल. पण त्या टोपलीत न्हावी, शिंपी, मोलकरीण, मास्तर ह्यांचे श्रमही असतात. इथे केस कापणे स्वस्त, कारण कापणारा गरीब. तेल, पेट्रोल, सोने ह्यांना मात्र तशी दया येत नाही, त्यांचे भाव जगाचे.

तेलाचेच पाहा. धाराशिव जिल्ह्यात आज सोयाबीन शेतोशेत आहे आणि त्याच्या भावाची नाडी शिकागोच्या बाजाराशी आणि ब्राझीलच्या पावसाशी जोडलेली आहे. देश मात्र खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल कडाडले. एप्रिलात इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. ती झळ भूम-परंड्याच्या कढईपर्यंत आली. बाहेरून तेल स्वस्त आले की करंज्या स्वस्तात तळल्या जातात आणि अंगणातले सोयाबीन पडून राहते. ते महाग झाले की सोयाबीनला दर येतो आणि करंज्या चार कमी होतात. एकाच घरात विकणाराही आहे आणि घेणारीही.

म्हणून देशोदेशींचे भाव ताडताना सीमेवरच्या जुन्या माणसाचे तीन प्रश्न विचारावेत. नाणे कोणते? माप कोणते? आणि हे घ्यायला कोणाला किती दिवस राबावे लागते? पहिल्या दोहोंची उत्तरे वर्तमानपत्रात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ज्वारी खुडणारीला आणि दुकानात पुड्या बांधणाऱ्या पोराला विचारावे लागते. यंदाच्या फराळाच्या यादीपुढे दर लिहिताना तो एक रकाना जास्त आखावा, एवढेच सांगणे.