समर्पित जीवन (ख्रिस्ती उपासना)

समर्पित जीवन : आपले शरीर, श्रम, पैसा, नाती आणि इच्छा देवाच्या हवाली करून जगणे हीच उपासना, असे मानणारी ख्रिस्ती धारणा. रविवारची सभा, गायन, वचन आणि प्रभुभोजन हे उपासनेचे ठरलेले प्रसंग; सोमवार ते शनिवारचे जगणे हा तिचा विस्तार. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘समर्पण’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, कॅथलिक परंपरेत हाच आशय मिस्सामधील अर्पणविधीशी जोडला जातो. महाराष्ट्रात या धारणेची सर्वांत कसून परीक्षा झाली ती चर्चच्या भिंतींबाहेर, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय विदर्भातील वर्धा जिल्ह्यात घडला.

बायबलमधील मुख्य आधार म्हणजे पौलाच्या रोमकरांस पत्राचा १२वा अध्याय. ज्यांना पशुबळीची रीत परिचित होती त्या वाचकांना पौल सांगतो की आता बळी तुम्ही स्वतः, आणि तोही जिवंत. मेलेला बळी एकदा वाहिला की विधी संपतो. जिवंत माणसाला मात्र स्वतःला रोज नव्याने वाहावे लागते, म्हणून ही उपासना कधी पुरी होत नाही. पुढे पौल जे सांगतो ते अगदी घरगुती आहे : अनोळखी माणसाचा पाहुणचार करा, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. १३व्या अध्यायात तर कर चुकते करण्याचीही सूचना आहे. त्याच्या कित्येक शतके आधी आमोस संदेष्ट्याने न्यायाविना केलेले सण आणि गाणी देवाला नकोशी आहेत, असे बजावले होते. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना. तिथे त्याने आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली.

मठवासी परंपरेने याला शिस्तीचे रूप दिले. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत मठाचा कारभार पाहणाऱ्याने तेथील भांडी-अवजारे वेदीवरच्या पात्रांइतकी पवित्र मानावीत, असे सांगितले आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघर सांभाळणारा ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गडबडीतही देवाच्या सान्निध्यात राहत असे. ल्यूथरने शेतकऱ्याचे व आईचे काम हेही ईश्वरी पाचारण ठरवले, तर जॉन वेस्लीने १७५५ पासून मेथडिस्टांत कराराच्या नूतनीकरणाची खास उपासना सुरू केली.

मराठी ख्रिस्ती समाजात या विचाराला पहिला भरीव आकार दिला तो पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तेथील मठातल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती मान द्यायला त्या तयार नव्हत्या. देवाला पूर्ण वाहून घेतलेली ही बाई माणसांपुढे मात्र झुकली नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व बालविधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे प्रार्थना आणि काम यांचे वेगळे कप्पे नव्हते. मुली विणकाम करीत, शेती पाहत, छापखान्यात खिळे जुळवीत. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. १९०५ मध्ये येथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले, रात्रंदिवस प्रार्थना चालल्या. त्या दिवसांची वर्णने आजही आवडीने वाचली जातात. त्याहून मोठी साधना मात्र मूक होती : हिब्रू व ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या.

कवी नारायण वामन टिळकांच्या जीवनात समर्पणाची दुसरी, अवघड बाजू दिसते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भजन-कीर्तन आणि अभंग यांतून त्यांनी ख्रिस्तभक्तीला मराठी मातीतला सूर दिला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. पण टिळकांचे सर्वस्व देणे घरात कोणाला भोवत होते, हे कळते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा, आणि उद्याची चूल कशी पेटवायची ही चिंता वाहणारी बायको. धर्मांतरानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, याचा इतका प्रामाणिक दाखला ख्रिस्ती साहित्यात क्वचितच सापडेल.

वर्धा जिल्ह्यातील अध्याय जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांचा. तंजावूरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबातले, लंडनला हिशेबनिसीत तयार झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले कुमारप्पा १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि सूट-बूट उतरवून खादीत आले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचा कारभार त्यांच्याकडे आला. संघाच्या तेथील केंद्रात, मगनवाडीत, बैलघाणीवर तेल काढणे, हातकागद, मधमाश्या पाळणे यांचे प्रयोग झाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ तेथलाच. गावच्या तेल्याची घाणी सुधारणे ही कुमारप्पांच्या लेखी धर्माचीच बाब होती. बाजारातल्या प्रत्येक वस्तूला ती कशी बनली याचे नैतिक मोल चिकटलेले असते. जुलमाने बनलेला माल घेणारा त्या जुलमात भागीदार होतो, असे ते मांडत. याच जिल्ह्यातील हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी परदेशी बाजारात चालत असे, आणि ज्याच्या शेतात तो पिके त्याच्या अंगावर बाहेरून आलेले कापड असे. अशा मुलखात या विचाराला वेगळी धार येते. ‘छोडो भारत’ आंदोलनात झालेल्या तुरुंगवासात जबलपूरला त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. त्याच काळातील अर्थविचारात त्यांनी मानवी व्यवहाराच्या पायऱ्या सांगितल्या : सर्वांत खाली परोपजीवी व्यवहार, सर्वांत वर मोबदल्याची अपेक्षा न ठेवणारी सेवा. साम्राज्याची आणि युद्धाची पाठराखण करणाऱ्या चर्चवर त्यांनी कडक टीका केली, पण ख्रिस्ताला सोडले नाही. पौलाच्या जिवंत यज्ञाचा अर्थ हिशेबाच्या वहीपर्यंत आणि घाणीच्या लाटेपर्यंत नेणारा कुमारप्पांइतका स्पष्ट माणूस विदर्भाने दुसरा पाहिला नाही.

मंडळ्यांच्या नित्य आचारात ही धारणा दशांश, उपवास, कौटुंबिक प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी आणि साक्ष यांतून दिसते. कापणीच्या सणाला लोक तांदूळ, ज्वारी, भाजी, अंडी, कोंबडी वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. स्वतः आणलेला भोपळा दुप्पट बोली लावून शेजाऱ्याच्या हाती ठेवणारी माणसे तेथे भेटतात.

या धारणेवर एक आक्षेप असा की सगळेच उपासना ठरले तर सामुदायिक उपासनेची गरज उरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) त्याचे उत्तर दिले : विधी हा चर्चच्या जीवनाचा उगम आणि शिखर, आणि सामान्य श्रद्धावंतांचे काम, संसार, विश्रांती व सोसलेले कष्ट मिस्सामध्ये ख्रिस्ताच्या अर्पणाबरोबर वाहिले जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘समर्पण कर’ या उपदेशाच्या आड मार खाणाऱ्या पत्नीला गप्प बसवले गेले आहे, कमी पगारावर राबणाऱ्याला सहनशीलतेचे धडे दिले गेले आहेत. असा उपदेश करणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय पुन्हा वाचायला हवा. पित्याच्या इच्छेला मान तुकवून बागेतून निघालेला येशू त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात उभा असताना एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो, आणि येशू त्याला सरळ जाब विचारतो : माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर का मारलेस?