बदलत्या मागणीत ‘अजाइल’ गटांची कसोटी

विशेष प्रतिनिधी, पिंपरी

देहू-आळंदी परिसरातील तळवडे येथे ‘एमआयडीसी’चे सॉफ्टवेअर पार्क आणि लघुउद्योगांची वर्कशॉप जवळजवळ आहेत. एकीकडे कॅपजेमिनीसारख्या कंपन्यांत संगणकप्रणाली तयार होतात, दुसरीकडे वाहनांचे सुटे भाग. दोन्हीकडच्या मंडळींचा परस्परांशी फारसा संबंध येत नाही. मात्र, सॉफ्टवेअर क्षेत्रात बोलबाला असलेल्या ‘अजाइल’ कार्यपद्धतीतील एक मोलाची कल्पना कारखान्यातूनच आली आहे.

‘अजाइल’ म्हणजे चपळ. ग्राहकाची संपूर्ण गरज आधी लिहून घ्यायची आणि वर्ष-दीड वर्षाने प्रणाली हाती द्यायची, अशी पूर्वीची रीत होती. तोवर गरजच पालटलेली असे. यावर विचार करणारे १७ तज्ज्ञ फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमले आणि ‘अजाइल जाहीरनामा’ तयार झाला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला त्यात अधिक महत्त्व दिले आहे.

या पद्धतीचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे ‘स्क्रम’. त्यात काम जास्तीत जास्त महिनाभराच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागले जाते. गट रोज १५ मिनिटे भेटतो आणि स्प्रिंटअखेर वापरण्याजोगे काही तरी दाखवतो. बैठका भरवणे सोपे आहे. खरी अडचण पुढे येते. ‘बदलाचे स्वागत’ याचा अर्थ अनेक ठिकाणी ‘आणखी एक काम’ असा घेतला जातो. नवे काम यादीत शिरते, जुने एकही बाहेर जात नाही आणि मुदत मात्र तीच राहते. तूट भरून निघते ती जागरणातून. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडच्या ग्राहकाला सकाळी सुचलेला बदल येथे घरी जाणाऱ्या बसच्या वेळेलाच येऊन थडकतो.

स्क्रमच्या नियमांना हे मान्य नाही. चालू स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धक्का पोहोचेल असा बदल मध्येच करता येत नाही. कामांचा क्रम ठरवण्याची जबाबदारी ‘प्रॉडक्ट ओनर’ या एकाच व्यक्तीची असते. उद्दिष्टच निरर्थक ठरले, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकारही तिलाच आहे.

मागणी रोजच बदलत असेल, तर ‘कानबान’ अधिक उपयोगी पडते. टोयोटाचे ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने भाग बनवायचा नाही आणि कार्डांची संख्या मर्यादित ठेवायची, हे तिचे सूत्र. चाकण-भोसरीच्या वाहनउद्योगाला ते परिचितच आहे. सॉफ्टवेअर गटाच्या फळ्यावरही ‘चालू’ रकान्यात ठरावीकच चिठ्ठ्या राहतात. एक निघाल्याशिवाय दुसरी लागत नाही. त्यामागे गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, हाती २० कामे असून आठवड्याला पाच पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी चार आठवडे लागतात. वेग तोच ठेवून हाती दहाच घेतली, तर दोन. माणसे न वाढवता निम्मा वेळ वाचतो, हे व्यवस्थापकांना सहसा पटत नाही!

बदलही दोन प्रकारचे असतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ निकषांची घोषणा २०१६ मध्येच झाली होती. वाहनउद्योगाला तयारीसाठी वर्षे मिळाली. त्याआधी आठवडाभर, २५ मार्चला सुरू झालेल्या लॉकडाउनची सूचना मिळाली ती अवघे चार तास आधी. समोरासमोरच्या संवादावर भिस्त असलेल्या गटांना फळा पडद्यावर न्यावा लागला आणि तोंडी निर्णय लिहून ठेवावे लागले. अशा वेळी अर्धवट कामे जितकी कमी, तितकी घडी लवकर बसते.

तळवड्यासारख्या ठिकाणी बरेच काम परदेशी ग्राहकांच्या करारांवर चालते. करारात किंमत, व्याप्ती आणि मुदत तिन्ही गोठवलेली असतील, तर गटाला सोडून देण्यासारखे काहीच उरत नाही. नवे काम आल्यास तेवढ्याच आकाराचे जुने काम वगळता येईल, एवढे एक कलम तरी करारात हवे आणि सही होण्यापूर्वी तो मसुदा गटाच्या नजरेखालून जायला हवा.