लिव्हरपूलचा भाव आणि खामगावच्या भिंती

खामगावची पेठ १८२०च्या सुमारास वसली, असे गॅझेटियर सांगते. तूप, सूत आणि थोडासा कापूस, एवढाच तेव्हाचा व्यापार. पुढच्या पन्नास वर्षांत ही वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाण्यात ते आले १९०५च्या फेररचनेत. जुने दप्तर धुंडाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.) १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि विलायतेची नजर या काळ्या जमिनीकडे वळली.

१८७० साली दोन गोष्टी घडल्या. जलंबहून खामगावला येणारा जेमतेम आठ मैलांचा रेल्वेफाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी तारेची केबल अंथरली आणि जूनपर्यंत मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. आगबोटीने पत्र जायला तीन-चार आठवडे लागत. आता लिव्हरपूलचा भाव काही तासांत मुंबईला कळू लागला आणि तिथून रुळांलगतच्या खांबांवरून वऱ्हाडात उतरू लागला.

उतरला, पण कुणाकडे? व्होल्कार्ट ब्रदर्स या स्विस कंपनीसारख्या निर्यातदारांकडे, मोठ्या अडत्यांकडे, पेढीवर बसलेल्या मुनिमाकडे. बैलगाडी सोडून आवारात उभ्या असलेल्या कुणब्याला तो भाव कळायचा तो समोरच्याच्या तोंडून, तेही त्याला सांगावासा वाटला तर. सौदा रुमालाखाली बोटे धरून होई, त्यामुळे शेजारच्या गाडीला काय मिळाले हेही कळायला मार्ग नसे. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, त्यामागे मालाची तोलणी आणि बाजाराची शिस्त हे प्रश्न होते. बातमी कुणाला आधी मिळावी, हा विषय त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

तरीही तारेच्या बाबतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तार कचेरीत येऊन थांबत नसे. शिपाई ती घेऊन निघे, पेढीचा जिना चढे, वखारीच्या अंधारात शिरे आणि ज्याचे नाव त्याच्या हातात कागद ठेवी. भिंत किती जाडीची आहे, छप्पर कशाचे आहे, याचा प्रश्नच नव्हता. शेवटची दहा पावले कुणी चालायची, हे ठरलेले होते: तारखात्याने. (घरोघरी मात्र तार म्हटली की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, ते वेगळे.)

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. दरम्यान निरोपाचा पत्ता बदलला. तो आता माणसाच्या खिशात असतो, आणि खिसा इमारतीच्या आत असतो. गावाबाहेरच्या टॉवरवरून निघालेली लहर रस्त्यापर्यंत नीट येते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ती क्षीण होते, पत्र्याच्या शेडवरून परत फिरते, तळघरात पोहोचतच नाही. कमी फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. फाइव्ह-जीसाठी मुख्यत्वे वापरली जाणारी ३३०० मेगाहर्ट्झच्या वरची लवकर थकते. वेग वाढला तसा भिंतीचा अडसरही वाढला.

आणि आता आत बसून करायची कामे कितीतरी आहेत. भारतीय कापूस महामंडळाने २०२५च्या हंगामापासून हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी ठेवली. बँकेचा ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो. जिनिंगमध्ये रुईला ठिणगी लागली तर फोन बाहेर जाऊन करायला वेळ नसतो. ज्या व्यापाऱ्याने आत ब्रॉडबँड घेतले आहे, त्याला वाय-फायवरून फोनही करता येतो आणि भावही दिसतो. काट्यापाशी उभा असलेला शेतकरी मोबाइल उंच धरून दाराकडे जातो. १८७० सालचे अंतर पुन्हा तेवढ्याच पावलांचे झाले आहे.

मोबाइल कंपनी म्हणते, रस्त्यावर रेंज आहे. इमारतीचा मालक म्हणतो, फोन तुमचा आहे. मग कुणीतरी बाजारातून बूस्टर आणून छतावर बसवतो. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने शेजाऱ्यांचीही रेंज बिघडते. रीतसर उपाय म्हणजे बांधतानाच केबलसाठी नळ्या सोडणे आणि आत लहान अँटेना बसवणे. तो खर्च नळ, वीज, जिना यांच्या खर्चात धरायला आपल्याकडचे बिल्डर अजून तयार नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इमारतींना आतील जोडणीनुसार तारांकित दर्जा देण्याचे विनियम काढले. हॉटेलांना असतात तसे तारे. एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद करण्याची रीतही यामुळे उघडी पडेल, अशी अपेक्षा आहे. मात्र हा दर्जा मालकाने स्वतःहून मागायचा आहे. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारती तो मागतील, कारण त्यांना भाडेकरू हवे असतात. कापसाच्या वखारीत येणारा शेतकरी भाडे देत नाही. तो वर्षातून दोन-चार वेळा येतो, माल टाकतो आणि जातो. त्याच्यासाठी तारे मागायला अजून कुणी बांधील नाही.