वत्सगुल्म भूमी आणि निळी विष्णुक्रांता

आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इ. स. च्या चौथ्या शतकात वाकाटक नृपती सर्वसेन याने येथे आपली राजधानी केली. त्याने रचलेल्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्यात श्रीकृष्णाने स्वर्गीचा पारिजात आणल्याची कथा होती. हे काव्य आज अखंड उपलब्ध नाही; इतर ग्रंथांतील अवतरणांतून तेवढे ते उरले आहे. पुढे अठराव्या शतकात भवानी काळू यांनी याच नगरीत श्रीबालाजीचे मंदिर उभारले. विष्णुभक्ती आणि फूल यांचे नाते या भूमीत असे पुरातन आहे.

पारिजात राजाच्या काव्यात शोभला. पण प्रत्यक्ष विष्णूचे नाव धारण करणारी विष्णुक्रांता मुरमाड माळावर, गुरांच्या वाटेवर उगवते. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत तिला मान आहे. तथापि गोकर्णीलाही कित्येक ठिकाणी हेच नाव देतात, आणि पांढऱ्या वा फिकट गुलाबी फुलांची शंखपुष्पीही तिच्यासारखीच जमिनीलगत पसरते. म्हणून पत्री खुडताना घोटाळा होतो.

ओळख सोपी आहे. गोकर्णी वेल आधाराला वेढे घेत चढते. तिचे फूल मोठे, गाईच्या कानासारखे, व शेंग चपटी असते. विष्णुक्रांता कशालाही वेढा घालीत नाही. तिच्या तारेसारख्या बारीक, लवदार फांद्या भुईवर पसरतात. पाने लहान व लांबट. फूल नखाएवढे, गोल आणि फिकट निळे. सकाळी उमलते, दुपारपर्यंत मिटते. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिची नोंद केली.

ही बहुवर्षायू वनस्पती आहे. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी मूळ जिवंत राहून पावसाबरोबर पुन्हा फुटते. लागवडीसाठी पिकलेले बी वाळूत हलके चोळून, पहिल्या पावसानंतर उघड्या उन्हातील मुरमात पेरावे. पाणी साचू देऊ नये. मुळासकट उपटू नये. पत्रीपुरती कोवळी फांदी खुडावी.

माळ नांगरला गेला, देवळाच्या अंगणात सर्वत्र फरशी बसली, की या रोपास पाय ठेवण्यास जागा उरत नाही. मग पूजेत नाव राहते आणि पत्री दुसरीच येते. जीर्णोद्धारात दानशूरांच्या साहाय्याने दगड पुन्हा उभे राहतात. त्याचबरोबर प्राकाराच्या एका कडेस हातभर मुरमाड जागा मोकळी राखली, तर पुढील पिढीच्या हातीही खरी विष्णुक्रांता येईल. यास खर्च नाही. केवळ आस्था हवी.

शुभं भवतु.